मर्देकाकांची पाठ

रमाकांत मर्दे यांच्या हातात आपला हात देऊ नये. डहाणूजवळच्या आमच्या मसोलीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नमस्कार करावा, तोही लांबून, आणि दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असतील तर फारच उत्तम. कारण हात एकदा त्यांच्या ताब्यात गेला की लवकर परत मिळत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मऊ भाग ते चिमटीत धरतात, डोळे बारीक करतात, दाबतात, आणि भर रस्त्यात चार माणसांदेखत विचारतात, "सकाळी पोट साफ होत नाही ना?"

माझ्या लग्नात हे त्यांनी माझ्या सासऱ्यांना विचारलं. स्टेजवर, व्हिडिओवाल्याचा दिवा तोंडावर असताना. सासरे हात सोडवायला गेले तसा काकांनी तो आणखी घट्ट धरला. "ओढू नका. गाळ साचलाय. काढतो मी." त्या व्हिडिओत सासऱ्यांचा जो चेहरा आला आहे, तो पाहून मुलगी देताना बापाच्या काळजाचं काय होतं हे कळतं, असं आमच्या बायकोकडचे लोक अजून म्हणतात.

काका पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. गंजाडपासून तलासरीच्या पाड्यांपर्यंत कालव्याच्या काठाने आधी सायकल आणि मग मोपेड हाकण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. कुठे कोणी पाट फोडला, कुठे दार गंजलं, कोणाच्या शेताला पाणी पोचलं नाही, हे बघायचं. निवृत्त झाले, पण कालवा काही सुटला नाही. तो जमिनीवरून उठून माणसांच्या अंगात शिरला. शिरा म्हणजे पाट. स्नायूतली गाठ म्हणजे कोणीतरी चोरून घातलेला बांध. आणि "टेलला पाणी पोचलं पाहिजे" हा त्यांचा मंत्र. टेल म्हणजे कालव्याचा शेवट. त्यांच्या शास्त्रात पायाचा अंगठा.

हे शास्त्र म्हणजे मालिश. मर्दे आडनावाचा माणूस आणि मर्दनाचं वेड, म्हटल्यावर गावाला नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. मर्दनकाका. तोंडावर म्हणत नसत. पाठ वळली की म्हणत.

दिसायला उंच, वाळलेले, आणि बारा महिने पूर्ण बाह्यांच्या शर्टात. मनगटाची बटणं लावलेली, गळ्याचंही लावलेलं. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला हे काय प्रकरण आहे ते कळेल. बाकीचे पुरुष बनियनवर ओट्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत असत आणि हा माणूस लग्नाला निघाल्यासारखा. सरकारी नोकरीची सवय, दुसरं काय, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी त्यांचा शेजारी. वाणगावच्या शाळेत शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणत. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी त्यांचं प्रवचन चाले. श्रोता लागेच असं नव्हतं.

"तुम्ही लोक मालिश म्हणजे एकच समजता," ते सुरू करत. "मासा म्हणजे एकच का रे? बोंबील आणि पापलेट एकाच कालवणात टाकतोस का तू? तसं आहे हे. अभ्यंग वेगळं. कोमट तिळाचं तेल, डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश. कातडी मऊ पडते, झोप लागते, वात खाली बसतो. स्वीडिश वेगळं. त्यात लांबलांब हात फिरवतात, हृदयाच्या दिशेने. रक्त खेळतं, दिवसभर उभा राहणाऱ्याला उत्तम. आणि हे डीप टिश्यू, हे खोल. कोपराने. चिकूच्या क्रेट उचलून ज्याची कंबर लाकूड झालीय त्याचं काम. दुखतं. दुखलं पाहिजे. पण सोसेल एवढंच. ओरडला की समजायचं करणाऱ्याला काही येत नाही."

मग पोटली. औषधी पाला कापडात बांधून, गरम तेलात बुडवून सांध्यावर शेकायचं. आखडलेल्या गुडघ्यांना ते. मग काशाची वाटी तळपायाला. डोळ्यांची आग आणि झोप, दोन्हीसाठी. मग पायाच्या तळव्यावरचे बिंदू दाबणं. मग थाई मालिश, ज्यात तेल नाही, कपडे अंगावर, आणि "समोरचा माणूस तुमची रुमालासारखी घडी घालतो." कोणाला कशाने बरं वाटेल हे ते चेहऱ्यावरून सांगत. कोणाला करू नये हेही सांगत. ताप असेल तर नको. पोटरी सुजून गरम लागत असेल तर बोट लावायचं नाही, आधी डॉक्टर. आत गुठळी असली तर सुटून छातीत जाईल. ह्या बाबतीत ते फार कडक होते. एकदा टपरीवाल्याच्या मेव्हण्याला त्यांनी पोटरीवरून दवाखान्यात हाकलला होता. त्याच्या पोटरीला डास चावला होता, ही गोष्ट वेगळी.

पण त्यांची खरी करमणूक होती ती मालिश करणाऱ्यांवरच्या शेऱ्यांत. पंचक्रोशीत नवीन कोणी हा धंदा सुरू केला की काका पहिले जात. परत येत आणि टपरीवर त्याची चामडी सोलत. वापीच्या एका स्पाबद्दल म्हणाले, "हात होता की पोस्टाचं तिकीट? चिकटवलं आणि गेला." डहाणू रोडच्या न्हाव्याच्या चंपीबद्दल, "डोकं धरलं होतं की नारळ विकत घेत होता, कळेना." उंबरगावच्या एका वैद्यांबद्दल, "तेल दाखवलं. लावलं नाही." कोणाकडेही ते दुसऱ्यांदा गेले नाहीत. एवढा मोठा मुलूख, आणि ह्या माणसाच्या पाठीच्या लायकीचा एक हात त्यात नव्हता. गाव हसायचं. न्हावी तर त्यांचं नाव काढलं की थुंकायचा.

घरी मालतीकाकू. गोऱ्या, ठेंगण्या, देवभोळ्या, तोंडात कायम कुठलं तरी स्तोत्र. त्यांचं आणि काकांचं भांडण कधी ऐकू आलं नाही. बोलणंही फारसं ऐकू यायचं नाही. काकांची बादली वेगळी, पंचा वेगळा, अंगणातली दोरीसुद्धा वेगळी. ताट त्या टेबलावर ठेवत आणि दोन पावलं मागे सरत. सोवळं असेल, असं माझी बायको म्हणायची. आमच्याकडे कोणाच्या घरात काय चाललंय हे सगळ्यांना माहीत असतं, असा आमचा एक गैरसमज आहे.

मग माझा खांदा धरला. उजवा हात फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत जाईना. शर्ट घालायचा म्हणजे बायकोला हाक मारावी लागे. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, गोळ्या दिल्या, वेळ लागेल म्हणाले. काकांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं पेढे काढतात.

"गोठलाय खांदा. फ्रोझन शोल्डर. जोर लावून उघडायचा नाही हं, आधी शेक, मग हलका हात, मग रोज थोडं थोडं सोडवायचं. चल, समुद्राकडच्या रस्त्याला नवीन केंद्र निघालंय. मलाही बघायचंच होतं."

माझ्या बायकोने स्कूटर चालवत मला नेलं, काका शेअर रिक्षाने आले. केंद्र झाडीत होतं. आत मंद बासरी, गवती चहाचा वास, आणि इतकी शांतता की माणसाने आजारीच पडावं. एका खोलीत दोन टेबलं, मध्ये पडदा. एकावर मी पालथा, दुसरीकडे काका.

पडद्यापलीकडून त्यांच्या सूचना ऐकू येत होत्या. "तेल कोमट आहे का? मनगटावर टाकून बघ. हां. आणि सुरुवात पायापासून करायची, समजलं? टेलपासून." मग शर्टाची बटणं. मग काहीच नाही.

पावलं बाहेर गेली. परत आली ती चार पायांची. कुजबूज. आणि मग मॅनेजरचा गोड आवाज, "सर, सॉरी हं. आज तुमचं नाही जमणार. तेल संपलंय."

माझ्या पाठीवरून त्या वेळी तेल ओघळून टेबलाखाली ठिबकत होतं.

"बरं," काका म्हणाले. नुसतं बरं. हा माणूस रेल्वेच्या उशीर झालेल्या गाडीशीसुद्धा वाद घालायचा.

माझं आटपून मी काउंटरवर आलो तर मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाला, "सर, ते काका तुमच्याबरोबरचे ना? त्यांच्या अंगावर सगळीकडे पांढरे डाग आहेत. पाठ, पोट, दंड. आमची माणसं हात लावायला तयार नाहीत. प्लीज जरा समजावून सांगा त्यांना."

"कोड आहे ते," मी म्हटलं. "लागत नाही कोणाला."

"मला माहितेय हो. पण बाकीच्या गेस्टना कोण सांगणार? टॉवेल, चादरी, सगळं विचारतात लोक."

काका बाहेर सुरूच्या झाडाखाली उभे होते. गळ्याचं बटण लावलेलं. मला बघताच सुरू झाले, "आत शिरलो तेव्हाच ओळखलं मी. हात नाहीत ते, चमचे आहेत. लोणचं वाढायला ठीक. अंगाला—"

आणि थांबले. मी हसलो नव्हतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काउंटरकडे पाहिलं, आणि समुद्राकडे तोंड केलं.

बायकोला मी बाजारातून जाऊन यायला सांगितलं. आम्ही वाळूत उतरलो. ओहोटी होती. काका ओल्या वाळूपर्यंत चालत गेले.

"सांगितलं ना त्यानं?"

"हो."

"शीतल शाळेत होती तेव्हा निघाला पहिला. कमरेवर. शर्टाच्या बटणाएवढा." शीतल ही त्यांची एकुलती एक मुलगी, बिलिमोऱ्याला दिलेली. "वलसाडला डॉक्टरकडे गेलो, इथे नको म्हणून. तो म्हणाला, लागत नाही, दुखत नाही, जिवाला धोका नाही. मलम दिलं. गेला आणि परत आला, नातेवाईक घेऊन आला. मग सासूबाई आल्या. म्हणाल्या, घरात पोरगी आहे. हे बाहेर कळलं तर तिला कोण करून घेणार? खरंच होतं ते. तेव्हा ठरलं. शर्ट काढायचा नाही. कोणासमोरच नाही."

"पण शीतलचं लग्न होऊन किती वर्षं झाली."

"झाली. मग तिचं बाळंतपण होतं. मग तिच्या नणंदेचं लग्न. मग तिला मुलगी झाली. आता ती मोठी होतेय." ते हसले. "काही ना काही असतंच मास्तर. मुहूर्त लागत नाही."

"शीतलला माहीत नाही?"

"तिला वाटतं बाप तऱ्हेवाईक आहे. आहेच."

"आणि काकू? त्यांना तर माहितेय, लागत नाही ते."

"डॉक्टरनी तिच्यासमोरच सांगितलं की. मान डोलावली तिनं. तिला पटलंय रे," ते म्हणाले. "तिच्या हाताला पटत नाही. आधी पंचा वेगळा झाला, मग खाट. तिची तरी काय चूक म्हणा. तिला घरात तसंच शिकवलं."

मी एकेकाचं विचारत गेलो. वापीचा स्पा? त्या माणसाने रबरी मोजे घालून पाच मिनिटं चोळलं आणि बाहेर जाऊन आलाच नाही. न्हावी? त्याने मानेवर कॉलर खाली ओढली आणि टॉवेल बदलायला म्हणून गेला. चंपी झाली ती एका बोटाने. उंबरगावच्या वैद्यांनी नाडी बघितली, पाठ बघितली, आणि पुढच्या अमावास्येनंतर या म्हणाले. म्हणजे टपरीवर ज्यांच्याबद्दल आम्ही पोट धरून हसत ऐकलं, त्यातल्या बहुतेक मालिशी झालेल्याच नव्हत्या.

"मग तुम्हाला इतकं सगळं कळतं कसं?"

"वाचतो. मोबाइलवर बघतो. आणि पडद्यापलीकडच्याचं चालू असतं ना, ते ऐकतो."

"मग जाता कशाला, काका? कशाला स्वतःचा एवढा अपमान करून घेता?"

"एखादा निघेल," ते म्हणाले. आणि लगेच त्यांचा नेहमीचा आवाज चढला. "तू खांदा वर कर बघू. हां, इथेच अडतोय. त्या चमच्यांनी काही केलेलं नाही. तलासरीला एक माणूस आहे, लहानू म्हणून. कालव्यावर असताना ओळख होती त्याच्या बापाशी. उतरलेली हाडं बसवायचा. हाही बसवतो म्हणतात."

लहानूचा पाडा तलासरीच्या पुढे, रस्ता सोडून आत. कारवीच्या भिंतीचं घर, वर पत्रे, दारात मोटरसायकल. लहानू चाळिशीचा, कानात एक वायर, मोबाइलवर क्रिकेटची मॅच. मला त्याने ओट्यावर बसवलं, खांदा चाचपला, हळदीचा वास मारणारं गरम तेल लावलं, आणि मॅच बघत बघत चोळू लागला. आमचा फलंदाज बाद झाला तेव्हा मी किंचाळलो.

"हाड जागेवर हाय," तो म्हणाला. "मास आखडलाय. चार खेपा मारा, बेस होल." मग काकांकडे वळून, "तुमी पण झोपा, तेल गरम हाय तंवर. उगा तेल वाया जाल."

"मला काही नाही झालेलं," काका म्हणाले.

"एवढं लांब आलाव. झोपा."

"नको म्हणतो ना."

"सायब, मना मॅच बघायची हाय. काढा कपडं."

मी बघत होतो. काकांनी मनगटाचं बटण सोडलं. मग दुसरं. मग गळ्याचं. शर्ट काढून त्याची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. त्यांची पाठ मी पहिल्यांदा पाहिली. काळ्यासावळ्या अंगावर पांढरी बेटंच बेटं.

लहानूने कानातली वायर काढली. "आयला," तो म्हणाला आणि आत तोंड करून ओरडला, "ए, बाहेर ये गं! आपला ढवळ्या-कबरा बैल इसरली का तू? बघ, डिट्टो!"

त्याची बायको पदराला हात पुसत आली, बघितलं, आणि तोंडावर हात धरून खुदकन हसली. "तसाच," ती म्हणाली आणि भात बघायला परत गेली.

मला वाटलं, संपलं. आता हा माणूस उठणार, चार कडवट शब्द बोलणार, आणि आम्ही निघणार. लहानूला काही फार कळवळा होता असंही नाही. त्याने वायर परत कानात घातली, काकांना गोधडीवर पालथं पाडलं, तेल हातावर घेतलं आणि सरळ दोन्ही पंजे त्यांच्या पाठीवर दाबले.

काकांच्या तोंडून आवाज आला. दुखल्यासारखा नव्हे. पाण्यात उतरताना माणूस श्वास ओढतो तसा.

"पायापासून सुरू करायचं असतं," थोड्या वेळाने ते म्हणाले. "टेलला..."

"हं हं," लहानू म्हणाला आणि पाठच चोळत राहिला.

पुढचं वाक्य आलंच नाही. मॅच संपली, मी बाहेर जाऊन दोनदा बिडी ओढून आलो, तरी काका पालथे पडून होते. झोपले नव्हते. डोळे उघडे होते आणि गाल खालच्या गोधडीला टेकवलेला होता.

त्यानंतर ते दर आठवड्याला जाऊ लागले. कधी माझ्याबरोबर, कधी टमटममध्ये कोंबून घेऊन. टपरीवर लहानूबद्दल त्यांनी अक्षर काढलं नाही. विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे. माझा खांदा पावसाळ्यापर्यंत सुटला. मी जायचा थांबलो, ते जात राहिले. अंगाने जरा भरलेही. काकूंनी एकदा माझ्या बायकोला विचारलं, "हे तलासरीला जातात ते कोणाकडे गं?" आमच्या हिने सांगितलं, मालिशला. "तिथे शर्ट काढतात?" एवढंच त्यांनी विचारलं.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी निघाल्या, आणि लहानू दरवर्षीप्रमाणे खलाशी म्हणून वेरावळकडे गेला. आता उन्हाळ्यातच परत. जाताना काकांना कळवायचं त्याच्या डोक्यातही आलं नसेल, कशाला येईल? काका पाड्यावर जाऊन बंद दार बघून आले. संध्याकाळी टपरीवर म्हणाले, "बरं झालं. पाऊस असताना तेल मुरत नाही."

त्याच सुमाराला मालतीकाकू मोरीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर झालं. ते निघालं तेव्हा हात लाकडासारखा. मूठ वळेना, वाटी धरवेना. डॉक्टरांनी सांगितलं, कोमट पाण्यात बोटं हलवा, घरात कोणाकडून तरी हलक्या हाताने मालिश करून घ्या. मी औषधं घेऊन गेलो होतो तेव्हा शीतलचा फोन चालू होता, स्पीकरवर.

"आई, बाई कशाला लावतेस? बाबा आहेत ना! सगळ्या जगाला मालिश शिकवतात. बाबा, तुम्ही करा हं आईच्या हाताला."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी पंख्याकडे पाहिलं. मुलीला नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं.

"करतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर दोघं व्हरांड्यात समोरासमोर खुर्च्यांवर. काकूंनी हात पुढे केलेला, तोंड तुळशीकडे फिरवलेलं. काकांनी वाटीतलं कोमट तेल बोटांवर घेतलं. बोटांच्या टोकांपासून सुरुवात केली, एकेक पेर सोडवत, मग तळवा, मग अंगठ्याने मनगटाभोवती हळूहळू गोल, मग वर कोपरापर्यंत. कालव्याचा शब्द नाही, गाळ नाही, बांध नाही. एरवी समोरच्याला बोलू न देणारा हा माणूस श्वाससुद्धा जपून घेत होता.

झाल्यावर काकू उठल्या, मोरीत गेल्या, आणि कपड्याच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतला. दोनदा. ब्रशचा आवाज बाहेर आला.

मी काकांकडे बघायचं टाळलं. तेच म्हणाले, "तेल राहू देऊ नये अंगावर. धूळ बसते."

तेल निदान तासभर मुरू द्यावं, असं डहाणू तालुक्यातल्या प्रत्येक माणसाला ह्यांनी सांगितलेलं आहे.

मी अधूनमधून जात राहिलो. ब्रश काही दिवसांनी थांबला. साबण चालू राहिला. एका दुपारी गेलो तर काकू खुर्चीत मान टाकून झोपलेल्या. औषधाने असेल, कामाने असेल. मालिश कधीच संपली होती, वाटीतलं तेल थिजलं होतं. काकूंचा हात काकांच्या मांडीवर, त्यांच्या दोन्ही हातांत. ते अगदी ताठ बसले होते. गालावर माशी बसली होती ती हाकलायलासुद्धा त्यांनी हात काढला नव्हता. मला दारात बघून त्यांनी डोळ्यांनी खूण केली, जा. मी चपलांचा आवाज न करता परत फिरलो.

डॉक्टरांनी दोन-तीन महिने धरून चाला म्हणून सांगितलं होतं. त्याच्या खूप आधी काकूंची मूठ वळली. एका संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच बोटं उघडली, मिटली, कपडा पिळल्यासारखा हात फिरवला, आणि काकांकडे न बघता म्हणाल्या, "झालं आता. उद्यापासून नको." आणि आत गेल्या.

"बरं," काका म्हणाले. वाटीतलं तेल त्यांनी सावकाश बाटलीत परत ओतलं, थेंब सांडू न देता, बूच लावलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "डॉक्टर थक्क होतील. फार लवकर सुटला हात."

"लांबवता आला असता," ते म्हणाले. "रोज थोडं कमी केलं असतं तर दिवाळी निघाली असती. कोणाला काय कळणार होतं?" बाटली त्यांनी खिडकीत ठेवली. "पण भाकरी थापताना दुखायचं तिला. ओठ दाबून धरायची. बघवेना मला."

आतून तांदळाची भाकरी थापल्याचा आवाज येत होता. दोन्ही हातांचा, पूर्वीसारखा, न थांबता.